कॉफी म्हणजे खाणं नव्हे

पाद्री गेले, चर्चच्या मंडळातल्या बायका गेल्या, शेजारची तायमी गेली, तेव्हा कुठे रिंतालांच्या बैठकीत घरची माणसं घरच्यासारखी पाय पसरून बसली. हेल्वीला पंचाहत्तर पूर्ण झाली होती. तिनं रिवाजाप्रमाणे सात प्रकार मांडले होते. वेलचीचा गोड पाव होता, जॅमनं चिकटवलेली जोडबिस्किटं होती आणि शेवटी स्ट्रॉबेरी-क्रीमचा केक. आमच्याकडे कॉफीच्या टेबलावरचा एक जरी प्रकार कुणी न चाखता सोडला, तरी यजमानीण ते पुढच्या नाताळापर्यंत विसरत नाही. आणि हेल्वी तर नाताळानंतरही विसरणाऱ्यांतली नव्हती.

हेल्वीच्या मुलानं, यार्कोनं, सगळं दोन-दोनदा घेतलं होतं. पाद्री निघताना त्यांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. "बहिणीला आपली किडनी देणारा भाऊ आपल्या गावात आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे मी रविवारी प्रवचनात सांगणार आहे." यार्कोनं मान खाली घालून स्वतःच्या मोज्यांकडे पाहिलं. लोकांना तो विनय वाटला. पिरिताला वाटला नाही. नवरा मोज्यांकडे बघायला लागला की त्याच्या पोटात काहीतरी लपलेलं असतं, एवढं तिला अठरा वर्षांच्या संसारात कळलं होतं.

"एक सांगायचं होतं," यार्को म्हणाला. "लोकांसमोर नको म्हणून थांबलो. माझी किडनी चालणार नाही. मला डायबेटिस निघालाय."

हेल्वी टेबलावरचे तुकडे तळव्यानं गोळा करत राहिली.

"तुला?" उर्होमामा म्हणाला. हेल्वीचा हा भाऊ आयुष्यभर बिनलग्नाचा आणि त्यामुळे इतरांच्या संसारात पुरता तज्ज्ञ. "या घरात डायबेटिसचा मक्ता सायलाकडे आहे. तू कसा काय मध्ये घुसलास?"

"मामा, गप्प बस," पिरिता म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, "मला का नाही सांगितलंस?"

"आता सांगतोय ना."

सायला मात्र उठली. तिच्या डाव्या हातावर डायलिसिसच्या सुयांनी सुजलेली शीर बाहीखालून दिसत होती. आठवड्यातून तीनदा तांपेरेला ती त्या यंत्राला जोडून घ्यायची. दोन वर्षं झाली होती. भावाचा रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं, तेव्हापासून तिनं मनात हेलसिंकीच्या ऑपरेशनची तयारी चालवली होती. पुढच्या उन्हाळ्यात सरोवरात पोहायचं, असंही ठरवून टाकलं होतं. ते सगळं यार्कोच्या एका वाक्यानं गेलं. पण नवल असं, की पहिल्यांदा तिच्या मनात किडनी आलीच नाही. आलं ते एवढंच, की बिचारा माझ्याच वाटेला लागला. ती त्याच्याजवळ गेली, खुर्चीमागून त्याच्या गळ्यात हात टाकले आणि त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. रिंतालांच्या घरात माणसं एकमेकांना मिठ्या मारत नाहीत. यार्को खुर्चीत आक्रसला.

"घाबरू नकोस," सायला म्हणाली. "माझ्यासारखा नसेल तुझा. या वयात निघतो तो वेगळा असतो. गोळ्यांवर भागतं, चालण्यावर भागतं. मी सांगीन तुला सगळं. मला डायबेटिस होऊन चाळीस वर्षं झाली, माझ्यापेक्षा चांगला मास्तर तुला मिळणार नाही."

"हं," यार्को म्हणाला.

"आकडे सांग. फोनवर आले असतील ना? तीन महिन्यांची साखर किती आली?"

"ती कुठली?"

"अरे, दोन असतात. एक त्या सकाळची, सुई टोचली त्या घटकेची. दुसरी मागच्या तीन महिन्यांची सरासरी. पहिली रोज बदलते, दुसरी बदलत नाही. दुसरीला फसवता येत नाही."

यार्कोनं खिशातून फोन काढला. त्याला तो काढायचा नव्हता हे पिरितानं पाहिलं. सायलानं पाहिलं नाही, कारण ती अजून त्याच्या मागेच उभी होती. त्याच्या खांद्यावरून वाकून तिनं स्वतःच वाचलं.

"तीन महिन्यांची चौतीस," ती हळूच म्हणाली. मग पुन्हा वाचलं. "यार्को, बेचाळीसपर्यंत निरोगी धरतात. माझी उभ्या आयुष्यात साठच्या खाली आली नाही. चौतीस म्हणजे तुझं रक्त लहान पोरासारखं आहे."

"पण सकाळची बघ ना. सात पॉईंट सहा. नर्स म्हणाली, सातच्या वर म्हणजे डायबेटिस."

"उपाशीपोटी सातच्या वर. आणि तेही एकदा येऊन भागत नाही, पुन्हा तपासतात. तुला पुन्हा बोलावलं नाही?"

यार्कोनं फोन उलटा ठेवला. "बोलावलंय. दोन आठवड्यांनी. ते साखरेचं पाणी पाजतात आणि दोन तास बसवून ठेवतात ना, ते करायला. पण उपयोग काय? जे आहे ते आहे."

सायलानं त्याच्या खांद्यांवरचे हात काढून घेतले. ती टेबलाला वळसा घालून समोर येऊन बसली. आता तिला त्याचा चेहरा दिसत होता.

"मंगळवारी सकाळी रक्त द्यायला गेलास, तेव्हा काय खाल्लं होतंस?"

"काही नाही."

"नीट आठव."

"काही नाही म्हटलं ना. उपाशी गेलो. नुसती कॉफी."

"कॉफी म्हणजे खाणं नव्हे," उर्होमामानं निर्वाळा दिला. "माझा बाप कॉफी पिऊन उपासाची प्रार्थना करायचा."

सायलानं मामाकडे पाहिलंही नाही. "कॉफी कशी प्यायलास?"

प्रश्न विचारण्यासारखा नव्हताच. यार्को कॉफी बापासारखी प्यायचा हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. साखरेचा खडा पुढच्या दातांत धरायचा आणि कडू कॉफी त्याच्यावरून ओढायची. एका कपाला दोन खडे, आणि एका कपावर तो कधी थांबला नव्हता.

"नेहमीसारखी," यार्को म्हणाला.

"कधी?"

"गाडीत. जाता जाता."

"म्हणजे रक्त काढायच्या अर्धा तास आधी तू पाच-सहा खडे साखर चघळलीस. आणि वर म्हणतोस उपाशी होतो." सायलाचा आवाज अजून चढला नव्हता. "यार्को, त्यानं कुणाचीही साखर सातच्या वर जाईल. पाद्र्यांचीसुद्धा. कुणी दिली तुला कॉफी?"

---

या प्रश्नावर उर्होमामानं पिरिताकडे पाहिलं. पुढे येऊन बोट कुणी दाखवलं नाही, पण बघायचं कुणाकडे हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. जूनमध्ये, जेव्हा किडनीची गोष्ट पहिल्यांदा निघाली, तेव्हा "एका किडनीवर हा माणूस पेंढ्याचे गठ्ठे उचलणार का?" असं तोंडावर विचारणारी पिरिताच होती. त्यानंतर नणंद-भावजय तीन महिने एकमेकींशी फक्त हवामानाबद्दल बोलल्या होत्या.

"तरी म्हटलं," सायला म्हणाली. "तुझाच हात असणार यात."

"माझा?"

"त्यानं किडनी दिलेली तुला नकोच होती. तेव्हा निदान तोंडावर बोललीस, त्याचा मला मान वाटला होता. हे असं कॉफी पाजून करशील असं नव्हतं वाटलं."

पिरितानं कप खाली ठेवला. तिचे हात लाल, भेगाळलेले होते. साठ गाईंचं दूध सकाळ-संध्याकाळ काढणाऱ्या बाईचे असतात तसे. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त तिला कंटाळा आला होता. या घरात दूध नासलं तरी ते तिच्याच नजरेनं नासतं, हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

"मंगळवारी मी पहाटेपासून गोठ्यात होते," ती म्हणाली. "आदल्या संध्याकाळी कॉफीच्या मशीनची वायर काढून माझ्या कोटाच्या खिशात घातली होती. का, तर हा माणूस झोपेत उठून बटण दाबतो. मला हे ऑपरेशन नको होतं, सायला. अजूनही नको आहे. पण नको म्हणायचं ते मी तोंडानं म्हणते."

"मग कॉफी आली कुठून?"

पिरिता नवऱ्याकडे बघत राहिली. उत्तर त्यानं द्यावं, निदान एवढं तरी त्यानं करावं, असं तिला मनापासून वाटलं.

यार्कोनं एक जोडबिस्किट उचललं आणि दोन्ही भाग वेगळे करून मधला जॅम चाटला. लहानपणापासून तो पेचात सापडला की असंच करायचा. "काय फरक पडतो कुणी दिली त्यानं?" तो म्हणाला. "मला होऊ शकतोच ना डायबेटिस? बहिणीला आहे. रक्तातच असेल. परवापासून मला तहानही फार लागतेय."

"हो ना," उर्होमामा म्हणाला. "उगाच भांडताय कशाला? सायला, तुझं ते मशीन आहे ना पर्समध्ये? टोच आत्ता त्याला. दुधाचं दूध, पाण्याचं पाणी."

सायलाच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर होता, तरी जुनं मशीन ती सवयीनं जवळ बाळगायची. तिनं ते काढलं, पट्टी घातली आणि हात पुढे केला. यार्कोनं आपला हात दिला. तो थंड होता. तिनं बोटाच्या कडेला सुई टोचली, थेंब वर आला, पट्टीनं तो ओढून घेतला. मशीननं पाच सेकंद घेतले.

तेरा पॉईंट आठ.

"बघ," यार्को म्हणाला. पण त्याचा आवाज विजयाचा नव्हता. तो पांढरा पडला होता. खोटं बोलता बोलता ते खरं निघालेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, ते त्या घटकेला त्या टेबलावर दिसत होतं.

सायलाला स्वतःची लाज वाटली. आजारी माणसाची आपण उलटतपासणी घेत बसलो, आणि तीही किडनीच्या लोभानं, असं तिला वाटलं. "माफ कर," ती म्हणाली. "यार्को, माफ कर मला."

---

हेल्वीला यातलं काही ऐकू आलं नाही. तिला फक्त तेरा पॉईंट आठ ऐकू आलं होतं.

सायला आठ वर्षांची असताना डॉक्टरांनी तिला जे सांगितलं होतं, ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. त्यानंतर दहा वर्षं हेल्वीनं बटाटे तोलून वाढले, सुया उकळल्या, पहाटे पोरीची लघवी काचेच्या नळीत घेऊन तिचा रंग निळा आहे की नारिंगी ते खिडकीच्या उजेडात पाहिलं. मुलगी झोपेत घामानं भिजली तर तिच्या तोंडात सरबत घातलं, आणि प्रत्येक वेळी वाटलं की आज ही हातची गेली. देवाकडे तिनं एकच मागणं मागितलं होतं, दुसरं तरी धड ठेव. देवानं ठेवलं होतं. आणि आता त्या धड पोराच्या बोटातून तेरा पॉईंट आठ निघाले होते. मी खोटं केलं म्हणून देवानं ते खरं करून दाखवलं, असं तिला वाटलं.

मग तिची नजर त्याच्या बोटावर गेली.

"हात धुतले नाहीत त्यानं," हेल्वी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"बोटाला जॅम आहे त्याच्या. आत्ता बिस्किट चाटलं. साखरेच्या बोटावर सुई टोचली तर काय येणार दुसरं? साबणानं धू, यार्को. कोमट पाण्यानं. आणि पहिला थेंब पुसून टाक, दुसरा घे. सायला, तुला कळायला नको? किती वेळा सांगितलंय मी तुला लहानपणी."

ती घाईघाईनं बोलत होती आणि तिचं तिलाच समजत नव्हतं की आपण काय बोलतोय. यार्को उठून स्वयंपाकघरात गेला. नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. परत आल्यावर सायलानं दुसऱ्या बोटाला टोचलं, पहिला थेंब पुसला, दुसरा घेतला.

सहा पॉईंट एक.

"सात प्रकार दोन-दोनदा खाऊन सहा पॉईंट एक," सायला म्हणाली. "मला हे जन्मात जमलं नाही."

हेल्वीनं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. तिच्या चेहऱ्यावर जे सुख पसरलं ते इतकं उघडं होतं की पिरिताला तिची कीव आली. पण कीव आली तरी ती गप्प बसली नाही. पुरे झालं होतं आता.

"हेल्वी," ती म्हणाली, "तुम्हाला बोटावरच्या एवढ्याशा जॅमचं कळतं. मग मंगळवारी पहाटे थर्मास घेऊन अंगणातून त्याच्या गाडीकडे गेलात, तेव्हा नाही कळलं? मी गोठ्याच्या दारातून पाहिलं तुम्हाला. एप्रनच्या खिशात साखरेचा डबा होता. मला वाटलं, रक्त देऊन झाल्यावर प्यायला देताय. म्हातारीची माया, असं वाटलं मला."

"कॉफीच तर होती," हेल्वी म्हणाली.

"आई," सायला म्हणाली.

"रिकाम्या पोटी एवढ्या लांब गाडी चालवायची होती त्याला. चक्कर आली असती."

"आई, माझ्याकडे बघ. मी नऊ वर्षांची असताना लॅबमध्ये जायच्या सकाळी तू मला चूळ भरतानासुद्धा पाणी गिळू द्यायची नाहीस. एकदा आजीनं मला गोड गोळी दिली, तर तू तिच्याशी आठवडाभर बोलली नाहीस. तुला माहीत नव्हतं, असं मला सांगू नकोस."

यार्को म्हणाला, "मी तिला म्हटलं होतं, आज काही चालत नाही म्हणून. ती म्हणाली, डॉक्टर खाण्याबद्दल बोलतात, कॉफी म्हणजे खाणं नव्हे. मला वाटलं, आईला साखरेतलं कळतं."

"कळतं," सायला म्हणाली. "आईला कळतंच. आणि तुला तसं वाटलं नाही, यार्को. तुला ते हवं होतं."

यार्को परत मोज्यांकडे बघू लागला. खरं तर गाडीत पहिला खडा दातांत धरताना त्याला सगळं कळलं होतं. अर्ध्या रस्त्यात गाडी थांबवून कॉफी बर्फात ओतायचं त्याच्या मनातही आलं होतं. मग त्यानं दुसरा कप भरला. त्या दिवशी परत येताना त्यानं रेडिओ लावला होता आणि बरोबरीनं गात आला होता.

"हो, मी दिली," हेल्वी एकदम म्हणाली. "समजून-उमजून दिली. आणि पुन्हा देईन. मला दोन मुलं. एक आजारी, एक धड. धड आहे त्याला चिरून आजारी बरं होईल याची खात्री कोण देतंय? ती किडनी तुझ्या अंगात पाच वर्षं टिकेल का दहा, डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत. मग मी काय करू? दोन्ही अर्धी पोरं घेऊन बसू?"

"कुंपणानंच शेत खाल्लं," पिरिता पुटपुटली.

"तू मध्ये बोलू नकोस."

"बोलू दे तिला," सायला म्हणाली. मग तिनं भावजयीकडे पाहून म्हटलं, "मी मगाशी जे बोलले ते—"

"राहू दे," पिरिता म्हणाली. "मला सवय आहे."

सायला आईकडे वळली. ती रडत नव्हती. रडायला पाणी लागतं आणि डायलिसिसवाल्यांना पाणीही मोजून मिळतं, असा विनोद ती एरवी स्वतःच करायची. "मी लहान असताना रात्री उठून मला सरबत पाजायचीस," ती म्हणाली, "तेव्हा मला वाटायचं, या बाईला मी हवी आहे. तू मला नाही गं वाचवत होतीस. तू मला पुरायची तयारी करत होतीस. मी फक्त उशीर केला."

हेल्वी पुन्हा टेबलावरचे तुकडे तळव्यानं गोळा करू लागली.

---

मग सायलानं भावाला विचारलं, "दोन आठवड्यांनी जाशील? खरोखर उपाशी? एवढंच सांग."

यार्कोनं पिरिताकडे पाहिलं, मग आईकडे, मग खिडकीबाहेर. गोठ्यात गाई हंबरायला लागल्या होत्या, दुधाची वेळ टळत होती. कुणीच त्याच्याऐवजी बोलायला पुढे आलं नाही.

"मला नाही द्यायची," तो म्हणाला. "मला भीती वाटते."

"हे तू जूनमध्ये म्हणाला असतास," सायला म्हणाली, "तर मी तुझ्याशी एक शब्द वाईट बोलले नसते. देणं कुणावर बंधनकारक नसतं. मी प्रतीक्षायादीत आहेच. कुणीतरी रस्त्यात मरेल आणि माझं भलं होईल."

उर्होमामानं घसा साफ केला. "मी काय म्हणतो," तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातलं घरात. गावात सगळ्यांना माहीत आहे की यार्को किडनी देणार होता. उद्या पाद्री प्रवचनात सांगतील. त्यानं आता नाही म्हटलं तर दूध डेअरीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. त्यापेक्षा डायबेटिसच निघाला म्हणू. कोण बघायला येतंय?"

"हो," हेल्वी चटकन म्हणाली. "सायला, तू शहरात राहतेस. त्याला इथं राहायचंय. तू डायबेटिस म्हणालीस तर लोक मानतील."

पिरिता हसली. ते हसू ऐकायला चांगलं नव्हतं. "म्हणजे किडनी द्यायची नाही ती नाहीच, वर तिनं तिचा आजारही द्यायचा," ती म्हणाली.

सायला काही बोलायच्या आत मागचं दार उघडलं आणि तायमी आत आली. आमच्या गावात शेजारी दार वाजवत नाहीत. "माझा केकचा डबा राहिला," ती म्हणाली. मग टेबलाभोवतीचे चेहरे पाहून थबकली. "काय झालं? सायलाची तब्येत बरी नाही का?"

"माझी बरी आहे, तायमीकाकू," सायला म्हणाली. "यार्कोला काहीतरी सांगायचंय तुम्हाला."

तिनं खुर्चीला पाठ टेकली आणि हात मांडीवर ठेवले. यार्कोच्या समोर केकचा तुकडा होता, दुसऱ्या वेळचा, अर्धवट खाल्लेला. त्यानं बहिणीकडे पाहिलं. आपल्याऐवजी तीच बोलेल अशी त्याला अजून आशा होती. ती बोलली नाही. हेल्वीनं टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला.

"मला साखर निघालीय, काकू," यार्को म्हणाला. "उपाशीपोटी सात पॉईंट सहा. किडनी घेणार नाहीत म्हणतात."

"अरे देवा." तायमीनं डबा खाली ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "आणि तू तर किती तयारीत होतास. बघ बाई सायला, दैव कसं असतं. द्यायची इच्छा असून माणसाला देता येत नाही." मग तिचं लक्ष टेबलावर गेलं. ती गावातली सगळ्यांत कनवाळू बाई, आणि चर्चच्या कॉफीचं सगळं तीच बघायची. "मग हा केक काय समोर घेऊन बसलायस? तुला चालणार आहे का आता हे? मी मंडळातल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवते, यार्कोसाठी वेगळं काहीतरी करत जा म्हणून. तू काळजी करू नकोस, आम्ही लक्ष ठेवू तुझ्यावर."

पिरिता उठली, कोट चढवला आणि गोठ्याकडे जायला निघाली. दारात तिनं थांबून एकदा मागे पाहिलं.

"दे इकडे," सायला म्हणाली.

यार्कोनं मुकाट्यानं ताटली तिच्याकडे सरकवली. तिनं सदरा थोडा वर करून पोटाला इन्सुलिनची सुई लावली, झाकण बसवून पेन पर्समध्ये टाकलं, आणि भावाचा उष्टा केक त्याच्याच चमच्यानं, त्याच्याकडे बघत, शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.